समोरच्या टीमच्या बाजूला

कावेरी पाटणकर कॉलेजात विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघायची. दुबईत अल कुसैसमधल्या एका गल्लीत खाली सुपरमार्केट आणि वर कॉलेज, अशी ती इमारत. मुलं पासपोर्टचे फोटो घेऊन यायची, मेडिकल कधी आहे ते विचारायची, एमिरेट्स आयडी हरवला म्हणून तोंड पाडून उभी राहायची. तिचा नवरा धनंजय तीन-चार तासांवर रुवैसला रिफायनरीत होता. तो एक शनिवार-रविवार सोडून घरी यायचा. मूलबाळ नव्हतं. त्या गोष्टीवर दोघंही आता बोलत नसत.

फुटबॉल तिच्या वाट्याला आला तो ड्यूटी म्हणून. कॉलेजांच्या लीगमध्ये त्यांची टीम खेळायची, आणि बसमध्ये मुलांबरोबर स्टाफपैकी एक जण लागायचा. शनिवार घालवायला कोणी तयार नव्हतं. अ‍ॅडमिनचे हेमचंद्र सर तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, तुमचे मिस्टर तर रुवैसला असतात. शनिवारी तुम्ही फ्रीच असाल ना?"

ते बोलणं तिला आवडलं नाही, पण ती हो म्हणाली.

पहिले एक-दोन सामने तिने खाली मान घालून फोनवर मालिका बघण्यात काढले. टीम हरत होती, पण त्याचं तिला काही नव्हतं. मग एकदा अल क्वोजला, गोदामांच्या मधल्या भाड्याच्या मैदानावर, पाच गोल खाऊन झालेले असताना समोरचा एक खेळाडू बॉल घेऊन एकटाच सुटला. विघ्नेश नावाचा हाडकुळा मुलगा, त्याच वर्षी कोल्हापूरहून आलेला, अर्धं मैदान त्याच्यामागे धावला आणि गोलच्या तोंडाशी घसरत जाऊन त्याने बॉल बाहेर काढला. लगेच शिट्टी झाली, सामना संपला. विघ्नेशचा गुडघा सोलवटून निघाला होता. बसमध्ये त्यावर औषध लावता लावता कावेरीने विचारलं, "सहावा गोल वाचवून काय मिळणार होतं रे?"

"मिळणार काय मॅडम," तो म्हणाला, "गोल होत होता ना."

त्या रात्री तिने धनंजयला फोनवर हे सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. तेव्हापासून ती ड्यूटीवर जात नव्हती, सामन्याला जात होती.

तीन वर्षं टीम हरत राहिली. कधी बरोबरी व्हायची, मग बस एखाद्या टपरीसमोर थांबवून सगळे करक चहा प्यायचे. रिकाम्या पायऱ्यांवर त्यांच्या बाजूने एकटी कावेरी असायची. ती ओरडायची नाही, तिला ते जमायचंच नाही. नुसती टाळ्या वाजवायची. गोलकीपर रुहान, श्रीवर्धनकडचं कुटुंब, जन्म शारजातला, गोल खाल्ला की आधी पायऱ्यांकडे बघायचा. कावेरी हाताने खूण करायची, असू दे, खेळ. तो मान हलवायचा आणि ग्लोव्हज नीट करायचा. एवढंच, पण त्या एका नजरेसाठी ती आठवडाभर शनिवारची वाट बघायची, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

"पोरं आपली नाहीत आणि कॉलेजही आपलं नाही," धनंजय एकदा म्हणाला. "ती पास होऊन जातील. मग काय करशील?"

"नवीन येतील," कावेरी म्हणाली.

नवीन आली ती संजना.

संजना सव्वीस वर्षांची होती. अल बर्शात वाढलेली, मराठी घरातली. स्टुडंट एंगेजमेंट नावाचं नवं पद तिच्यासाठी काढलं होतं. पहिल्याच महिन्यात ती एका सामन्याला आली. टीम चार गोलने हरली. संजनाने त्यातून एक रील बनवलं, खाली लिहिलं, 'दुबईतली सगळ्यात हट्टी टीम'. विघ्नेश पडतोय, उठतोय, रुहान जाळ्यातून बॉल काढतोय, परत उभा राहतोय. रील खूप चाललं. पुढच्या शनिवारी वीस-पंचवीस मुलंमुली सामना बघायला आली. त्याच्या पुढच्या शनिवारी ढोल आला.

कावेरीने ते रील घरी पुन्हा पुन्हा बघितलं. चांगलं होतं, याचाच तिला जास्त त्रास झाला. तीन वर्षं तिने जे एकटीने पाहिलं होतं ते या मुलीला एका दुपारी दिसलं, आणि सगळ्यांना दाखवताही आलं. एका शॉटमध्ये मागच्या पायरीवर कावेरीची पर्स दिसत होती. कावेरी दिसत नव्हती.

मग बारीकसारीक गोष्टी खुपायला लागल्या. मुलं सामन्याआधी केस विंचरायला लागली. विघ्नेशला टीममध्ये 'कोल्ड्रिंक' म्हणतात हे संजनाला ठाऊक होतं, कावेरीला नव्हतं. कावेरीशी मुलं मॅडम म्हणून अदबीने बोलायची, संजनाला नावाने हाक मारायची, तिच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकवायची. आणि एका सामन्यात गोल खाल्ल्यावर रुहानने पायऱ्यांकडे बघितलं तेव्हा कावेरीने खूण करायला हात उचलला, पण रुहान बघत होता तो ढोलाच्या दिशेने. तिने तोच हात केसांवरून फिरवला.

जानेवारीत हेमचंद्र सरांनी तिला बोलावून घेतलं. "मॅडम, आता बसबरोबर संजना जाईल. तिचं तर कामच आहे ते. तुम्हाला पण जरा आराम."

"थँक्यू सर," कावेरी म्हणाली.

बाहेर संजना भेटली. तिला खरंच वाईट वाटत होतं. "कावेरी मॅम, मी मागितलं नव्हतं हां. तुम्ही या ना तरी. सीट आहेत बसमध्ये."

"बघू," कावेरी म्हणाली. "शनिवारची घरचीही कामं असतात."

सामना त्या शनिवारी शारजात होता, मोठ्या युनिव्हर्सिटीच्या मैदानावर. कावेरीने सकाळी कपाट आवरलं, दुपारी झोपायचा प्रयत्न केला आणि शेवटी टॅक्सी बोलावली. मैदानावर पोचली तेव्हा दिवे लागले होते, खेळ सुरू झाला होता. त्यांच्या कॉलेजच्या बाजूला पायऱ्या भरलेल्या होत्या. ढोल वाजत होता, संजना सगळ्यात खाली फोन धरून उभी होती. कावेरी तिकडे वळली होती. मग तिला वाटलं, आता वर चढायचं, जागा शोधायची, सगळे म्हणणार, अरे मॅडम पण आल्या. तिला ते 'पण' सहन होईना. ती मैदानाला वळसा घालून समोरच्या टीमच्या बाजूला जाऊन बसली.

तिथे त्या युनिव्हर्सिटीच्या मुलांचे आईवडील होते. शेजारी तिच्याच वयाची एक बाई, लखनौकडची असावी, डब्यातून सँडविच वाटत होती. तिने कावेरीपुढेही डबा धरला.

"आपका कौन सा है?"

कावेरी काही तरी बोलायचं म्हणून बोलली, "गोलकीपर."

"अच्छा. वो तो बहुत अच्छा खेलता है," बाई म्हणाली, आणि कावेरीच्या लक्षात आलं की तिला त्यांच्या टीमचा गोलकीपर वाटला. तो पलीकडे उभा होता, उंच, गोरा, कुठला मुलगा होता कोण जाणे. ती चूक दुरुस्त करायला हवी होती. कावेरीने सँडविच घेतलं.

तिची टीम चांगली खेळत होती. इतकी चांगली ती कधीच खेळली नव्हती. रुहानने दोन अवघड बॉल अडवले, त्यातला एक बोटांच्या टोकांनी. दर वेळी समोरून आरडाओरडा व्हायचा, ढोल वाजायचा. हाफ टाइमला शून्य-शून्य होतं. तिने समोर पाहिलं. मुलं पाणी पीत संजनाभोवती गोळा झाली होती आणि ती हसत काहीतरी सांगत होती. तेव्हा कावेरीच्या मनात अगदी स्पष्ट आलं, हरू देत. हिच्यादेखत जिंकायला नकोत. जिंकतील तेव्हा जिंकतील, पण आज नको.

ती स्वतःच दचकली. पण तो विचार गेला नाही.

दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर मिळाला. गर्दीतून बॉल वर उडाला, विघ्नेशने उडी मारून त्याला डोकं लावलं आणि गोल झाला. समोरच्या पायऱ्या उठून उभ्या राहिल्या. कावेरी बसूनच होती. हातातलं सँडविच तसंच होतं.

शेजारच्या बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "कोई बात नहीं, बहन. बच्चे की गलती नहीं थी. हो जाता है."

कावेरीने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि बाईला त्यात वावगं काही दिसलं नाही. ती सामना संपेपर्यंत कावेरीची पाठ थोपटत राहिली. शिट्टी झाली. एक-शून्य. कॉलेजची टीम पहिल्यांदा जिंकली होती. बाईने कावेरीला जवळ घेतलं, आणि त्या परक्या खांद्यावरून कावेरीला दिसलं की रुहान, सगळे ढोलाकडे पळत असताना, मैदानाच्या मधोमध थांबून तिच्याकडे बघतोय.

तिने हात वर केला नाही. पर्स उचलली आणि निघाली.

सोमवारी दुपारी रुहान तिच्या काउंटरपाशी आला. त्याचं काही काम नव्हतं.

"यू वेअर ऑन देअर साइड, मॅडम," तो म्हणाला.

"तिकडे सावली होती."

"इट वॉज सिक्स थर्टी."

कावेरीने कॉम्प्युटरवरची नजर काढली. त्याच्या करंगळीला पट्टी होती, तो अडवलेला बॉल तिथेच लागला असणार. त्याला काहीही सांगता आलं असतं. डोकं दुखत होतं, ओळखीच्या बाई भेटल्या. पण तीन वर्षं याने गोल खाल्ल्यावर आधी तिच्याकडे बघितलं होतं.

"मला वाटत होतं तुम्ही हरावं," ती म्हणाली.

त्याला मराठी नीट कळायचं.

"ऑल दीज इयर्स?"

"नाही रे. त्या दिवशीच. तुम्हाला आता इतकी माणसं मिळाली. मला ते बघवलं नाही."

रुहानने करंगळीची पट्टी जरा ओढली. "ओके," तो म्हणाला, आणि गेला. त्याला राग आला की काही समजलं, हे तिला कळलं नाही. तिने पुढच्या मुलाचा पासपोर्ट हातात घेतला आणि एकच पान बराच वेळ बघत राहिली.

त्या आठवड्यात धनंजय आला होता. तिने त्याला सगळं सांगितलं, त्या बाईच्या सँडविचसकट. तो हसला नाही. "जा या वेळी," एवढंच म्हणाला. "मी सोडतो तुला."

सामना अल क्वोजच्याच मैदानावर होता. ती आपल्या बाजूला, दुसऱ्या पायरीवर बसली. धनंजय गाडीतच थांबला. माणसं तिने धरली होती त्याहून कमी आली होती. एकदा जिंकलेल्या टीमचं नवल ओसरलं होतं बहुतेक. ढोल होता, पण हाफ टाइमपर्यंत तीन गोल बसले आणि ढोलवाला मुलगा म्हणाला, सोमवारी असाइनमेंट द्यायची आहे. एक गेला तसे बाकीचेही हळूहळू उठले. कोणी मॉलला जायचं ठरवलं, कोणी नुसतंच गेलं.

शेवटी पायऱ्यांवर संजना आणि कावेरी उरल्या. संजनाने थोडा वेळ फोन धरला, मग खाली ठेवला. चौथा गोल झाला. ती येऊन कावेरीच्या शेजारी बसली.

"मॅम, तुम्ही हे तीन वर्षं कसं काय बघितलंत?" ती म्हणाली. तिचा आवाज खरोखर उतरलेला होता. "म्हणजे हरताना काय करता तुम्ही?"

कावेरीला आतून एक सुख झालं, आणि ते चांगलं सुख नव्हतं हे तिला कळत होतं. शिकू दे हिला, असं वाटत होतं. कळू दे. मैदानावर विघ्नेश परत कोणामागे तरी धावत होता, बॉल कधीच हातचा गेलेला असताना.

"बॉल बघायचा नाही," ती शेवटी म्हणाली. "एक पोरगा धरायचा आणि तोच बघायचा. मग पाच मिनिटांनी दुसरा. बॉल बघत राहिलं की नुसतं हरणं दिसतं."

संजनाने मान हलवली. "मी कोणाला बघू?"

कावेरीच्या तोंडावर रुहानचं नाव आलं होतं. तिने ते गिळलं.

"विघ्नेशला बघ," ती म्हणाली. "आपल्या कोल्ड्रिंकला."

संजना पुढे झुकून विघ्नेशकडे बघायला लागली. कावेरीने नजर गोलपोस्टकडे नेली. पाचवा गोल झाला तेव्हा रुहानने जाळ्यातून बॉल काढला, मधल्या खेळाडूकडे लाथेने पाठवला आणि पायऱ्यांकडे बघितलं. त्या दोघी इतक्या जवळ बसल्या होत्या की तो नेमका कोणाकडे बघतोय ते सांगता आलं नसतं. कावेरीने हाताने खूण केली. संजनाच्या आधी केली.