गळकी विद्या

थोरल्या वकीलसाहेबांचा दरारा असा की उलटतपासणीत त्यांनी एकदा नुसतं "हं?" केलं, तर साक्षीदाराने न केलेले दोन गुन्हेसुद्धा कबूल करून टाकले. हार म्हणून त्यांना माहीत नव्हती. घरी बायकोपुढे हरायचे, पण तिथे अपील चालत नाही, म्हणून ते धरत नसत.

या साहेबांच्या हाताखाली एक तरुणी वकिलीची उमेदवारी करत होती. उमेदवारी संपत आलेली, आणि बाळ त्याच्या आधी टपकणार. बाळंतपणाची रजा उमेदवारीत धरली तर सनद हातात. नाही धरली तर पुन्हा श्रीगणेशा.

"रजा नोकराला असते," साहेब खुर्चीतून न हलता म्हणाले. "तू शिकतेस. शिकण्याचा धागा तुटला की पहिल्यापासून विणायचं."

"साहेब, हे पाय मोडून घरी बसले होते तेव्हा?"

'हे' म्हणजे साहेबांचा मेव्हणा. तोही उमेदवारी करत होता. म्हणजे ऑफिसात येत होता.

"तो अपघात होता, ताई," मेव्हणा खिदळला. "तुमचं तर ठरवून आहे."

तिने त्याच्याकडे बघितलं. चपलेखाली काही चिकटलं की आपण बघतो, तसं.

साहेबांची एक रीत होती. सुनावणीच्या आदल्या दिवशी सगळ्या ऑफिससमोर तालीम व्हायची. शिकाऊ मंडळींनी विरोधी वकील व्हायचं आणि साहेबांनी त्यांना लोळवायचं. नुसत्या तालमीत जरी कुणी वरचढ ठरलं तरी साहेबांना जेवण जात नसे.

या वेळची केस शिवणकामाच्या कारखान्यातल्या एका शिकाऊ बाईची. बाळंतपणाची रजा मागितली म्हणून मालकाने तिला घरी बसवलेलं. ती बाईही तालमीला आली होती, भिंतीला टेकून बसली होती. साहेब तिच्या बाजूने.

विरोधी वकील म्हणून आपली शिकाऊ उठली आणि शांतपणे म्हणाली, "रजा नोकराला असते. ही शिकते. शिकण्याचा धागा तुटला की पहिल्यापासून विणायचं."

साहेब असे उसळले की टेबलावरचा चहा बशीत आला. आपलीच वाक्यं आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. "पोटातून मूल बाहेर येतं की हातातली विद्या गळून पडते? असं बोलणारा माणूस गाढव असतो. गाढवालासुद्धा पिल्लू झाल्यावर कुणी चालायला पुन्हा शिकवत नाही."

मेव्हण्याने टाळ्या वाजवल्या. त्याला तेवढं येत होतं.

"मग साहेब, माझी रजा?" तिने विचारलं.

"ते वेगळं. ही तालीम आहे. तालमीत माणूस काहीही बोलतो."

"आणि उद्या कोर्टात?" भिंतीपाशी बसलेल्या बाईने विचारलं.

"उद्या अगदी मनापासून बोलणार, बाई."

बोलले. असे बोलले की छतावरचा पंखा ऐकायला थांबला म्हणतात. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. साहेबांच्या मागे शिकाऊ बसली होती, पोटावर फायली ठेवून, फळीवर ठेवाव्यात तशा.

"तुमच्या स्वतःच्या ऑफिसात हेच पाळता ना, वकीलसाहेब?"

नाही म्हणावं तर केस तिथेच बुडणार. हार दिसली की साहेबांची जीभ त्यांना विचारायला थांबत नसे. "अर्थात, बाईसाहेब. या पोरीची रजा मंजूरच आहे. उमेदवारीत धरून."

"आभारी आहे, साहेब," शिकाऊ मागून म्हणाली, मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात.

केस जिंकली. बाहेर व्हरांड्यात आल्याबरोबर साहेब पुटपुटले, "ते कोर्टापुरतं होतं हं. हुरळून जाऊ नकोस."

ती मागे वळली आणि कोर्टाचं जड दार तिने ओढून उघडलं. न्यायाधीशबाई अजून आत बसलेल्या होत्या.

"मग जाऊन सांगून या ना, की खोटं बोललो म्हणून. मी दार धरते."

शिवणकामाची बाई नाकातून हसली. मेव्हण्याला टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते कळेना. साहेबांनी गळ्याचा पांढरा पट्टा सैल केला, पाऊल उचललं, तिथेच ठेवलं.

"कधीपासून हवी?" त्यांनी दाराकडे बघतच विचारलं.

"सोमवारपासून," ती म्हणाली, आणि दार हळूच लागू दिलं.