डॉक्टरांची चिठ्ठी

"जावई इंग्रजी शिकलेले हायत, सायेब," तुळजाबाई कौतुकानं म्हणाल्या, तसा सोलापूरहून आलेल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा हात थबकला. इंग्रजीत लिहिलेला कागद त्यांनी चुरगाळून खिशात घातला. दुसऱ्या कागदावर दोनच शब्द लिहिले आणि तो भुजंगच्या हाती दिला.

"लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांना द्या. काळजी करू नका."

डॉक्टर औशाची वेस ओलांडून गेल्यावर भुजंगने घडी उघडली. लॅटिन शब्द होते: स्पेस नुल्ला. आशा नाही.

इंग्रजी येणारे औशात चार-दोन होते. लॅटिन येणारा लातूर-नांदेड पट्ट्यात तो एकटाच असावा. मुंबईच्या कॉलेजात चार वर्षं त्यानं ग्रीक-रोमन लोकांच्या भाषा, त्यांची नाटकं, त्यांच्या लढाया शिकण्यात घातली होती. पदवी घेऊन आला तेव्हा गावच्या गुंडप्पा पाटलांनी विचारलं होतं, "ही बोलनारी मान्सं ऱ्हातात कुटं?"

"मेली सगळी," भुजंग म्हणाला, आणि पाटील हसून हसून दमले होते. तेव्हापासून तो लातूरच्या मुन्सफ कचेरीत उर्दू कागदांचा मराठी तर्जुमा करत होता.

'स्पेस' हे नाम स्त्रीलिंगी, म्हणून 'नुल्ला' हे विशेषणही स्त्रीलिंगी. त्याचं डोकं तेवढंच करत राहिलं. रडू येईना. छातीत काही हललंसुद्धा नाही.

"काय लिव्हलंय?" सिंधूनं बाजेवरून विचारलं. तीन महिन्यांच्या तापानं तिचा आवाज पार खोल गेला होता.

"औषध."

"तुमच्या त्या मेलेल्या भाषेत हाय का?"

"हाव."

"मग वाचा की. लगीन होऊन सा वर्सं झाली, एकदाबी ऐकवली न्हाई."

त्यानं वाचलं. तिनं ते दोन शब्द ओठांत घोळवले. "गोड हाय ऐकायला," ती म्हणाली.

"कुटं मिळंल हे, जावईबापू?" तुळजाबाई उठून उभ्याच राहिल्या. "लातूरला न्हाई गावलं तर आमच्या दगडोबाला बार्शीला धाडते."

"हैदराबादेहून मागवावं लागंल, मामी. मी मागवतो."

लातूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, कसल्याशा पुड्या बांधून दिल्या आणि त्याच्याकडे न बघता पुढच्या रोग्याला हाक मारली. भुजंग दर शनिवारी औशाला, सिंधूच्या माहेरी, जाई. दारातच तुळजाबाई विचारत, "आलं का?"

"न्हाई. पारसल वाटंत हाय."

आतून ते ऐकून सिंधू दोन घास पेज जास्त घेई.

पाचव्या शनिवारी दारात कुणी विचारलं नाही. सिंधू पहाटे गेली होती.

तेराव्याची शेवटची पंगत उठत होती तेव्हा तुळजाबाई सगळ्यांदेखत बोलल्या, "हैदराबाद काय लंकेत हाय व्हय? एवढं शिकलात, आन् एक औषध येळेवर आनता आलं न्हाई तुमाला?"

"जाऊ दे, आई," दगडोबा पुटपुटला, पण त्यानंही मेव्हण्याकडे पाहिलं नाही.

"चुकलं, मामी," भुजंग म्हणाला.

मग तो वाकून उष्ट्या पत्रावळी गोळा करू लागला. जावयानं करायचं ते काम नव्हतं. पण कुणी त्याला थांबवलं नाही.