दोन दिवसांसाठी दिलेली बॅटरी

हे सगळं मी शांतपणे सांगणार होते, पण जमेल असं वाटत नाही.

आमचं दुकान इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचं. सासऱ्यांनी सुरू केलं, आता नवरा चालवतो. दुकानाची एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाची बॅटरी दुरुस्तीला आली की ती परत जाईपर्यंत त्याला दुकानातली दुसरी जोडून द्यायची. तिला आम्ही ‘बदली’ म्हणतो. आपलं गिऱ्हाईक अंधारात बसता कामा नये, असं बाबा, म्हणजे माझे सासरे, पहिल्यापासून म्हणत आले. ऐकायला फार छान वाटतं. पण दुकानात बदल्या चार, आणि पाचवा माणूस आला की नवरा बिनदिक्कत आमच्या घरातली बॅटरी उचलून नेतो. दोन दिवसांसाठी. त्याचे दोन दिवस म्हणजे किती, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी यावर नुसती कुरकुर करायचे. पंखा बंद पडला तर पडला. मग बाबांच्या फुप्फुसांनी हात टेकले. तेव्हापासून त्यांच्या कॉटशेजारी ऑक्सिजनचं मशीन असतं. ते विजेवर चालतं, खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन गोळा करतं आणि नळीने त्यांच्या नाकात सोडतं. नळी काढून ते फार तर न्हाणीघरापर्यंत जाऊन येतात. डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं की मशीन पाच मिनिटांच्या वर बंद राहता कामा नये.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. आमच्याकडे प्रत्येक बाटलीला चिठ्ठी असते आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. घरातही मी तसंच सुरू केलं. दाराजवळ अडीनडीची पेटी ठेवली. टॉर्च, जादा सेल, मेणबत्त्या, काडेपेटी, औषधं, कागदपत्रांच्या नकला. भिंतीवर यादी लावली. मशीनला इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरनेही दगा दिला तर कोपऱ्यात ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. महिन्याच्या पहिल्या रविवारी मेन स्विच बंद करून सगळ्यांचा सराव घ्यायचा.

घरच्यांनी मला ‘कमांडर’ असं नाव ठेवलं आणि पेटी लुटायला सुरुवात केली. सेल गेले टीव्हीच्या रिमोटमध्ये. मेणबत्ती गेली अडकणाऱ्या ड्रॉवरला घासायला. काडेपेटी तर कुणीच नेली नाही, ती आपोआप चालत गेली असावी. मी पुन्हा भरायचे, ते पुन्हा न्यायचे. विचारलं की सगळ्यांचे हात वर. पण बॅटरीला हात लावायचा नाही, हे मी नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्याने मान हलवली होती. मान हलवायला त्याचं काय जातं.

त्या बुधवारी शाळेला सुट्टी होती आणि घरी बाबा आणि मी दोघंच होतो. अकराच्या सुमाराला वीज गेली. इन्व्हर्टर लागला, मशीनची घरघर चालू राहिली, आणि मी गच्चीत कपडे वाळत घालत होते तशीच घालत राहिले. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. चारपाच मिनिटांनी खालून मशीनची शिट्टी ऐकू आली. अशी शिट्टी ते बंद पडल्यावरच मारतं.

मी धावत खाली आले. इन्व्हर्टर मेला होता. बॅटरीवरचं झाकण उघडलं तर आत आमची बॅटरी नव्हतीच. कडेला गंज चढलेली, पोट फुगलेली एक जुनी बॅटरी होती आणि तिच्यावर खडूने लिहिलं होतं, ‘टेलरमास्तर’.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच उभी राहून नवऱ्याला फोन लावला.

“आपली बॅटरी कुठंय?”

“अगं, मास्तरांकडे. दोनच दिवसांसाठी. आज आणणारच होतो.”

“दिली कधी?”

“गेल्या गुरुवारी. का, वीज गेली का?”

मग मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या आईवडिलांचा उद्धार करायचं तेवढं बाकी ठेवलं, कारण वडील समोरच होते. बोलता बोलता माझी नजर त्यांच्याकडे गेली. ते कॉटच्या कडेला दोन्ही हात टेकून पुढे वाकले होते, खांदे वरखाली होत होते, आणि ओठ निळे पडले होते. एक हात उचलून ते कोपऱ्याकडे बोट दाखवत होते. सिलिंडरकडे.

मी फोन टाकला. सिलिंडर उघडला, नळी जोडली. घाईत नळी दोनदा सुटली. काटा अर्ध्यावर होता, म्हणजे जेमतेम तासाभराचा ऑक्सिजन. वीज कार्यालयात फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, ट्रान्सफॉर्मर जळलाय, संध्याकाळ होईल. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तासाभराच्या आत येऊ असं सांगितलं, पण तो तास त्यांनी जरा लांबवूनच उच्चारला.

नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. मास्तरांचं दुकान मागच्याच गल्लीत. शेजारच्या काकूंना बाबांपाशी बसवलं, काट्यावर नजर ठेवा म्हटलं, आणि अंगावर होते त्या कपड्यांनिशी निघाले. वाटेत मास्तरांना काय सुनवायचं याची जुळवाजुळव करत होते. दुसऱ्याच्या घरातली बॅटरी वापरायला लाज नाही वाटत, इथपासून सुरुवात होती.

दुकानात शिलाईच्या दोन मशिनी आणि एक पंखा मजेत चालू होते. आमच्या बॅटरीवर. मी तोंड उघडलं, पण आधी “बाबांचा ऑक्सिजन” एवढंच बाहेर पडलं. मास्तरांनी पुढचं ऐकलंच नाही. हातातला कपडा टाकून ते बॅटरीच्या तारा सोडवायला बसले.

“मला कुठं माहीत होतं, वहिनी. काय करू, असं विचारायला मी काकांना फोन केला होता. म्हणाले, तुझं गणवेशांचं काम अडलंय, घरची बॅटरी पाठवतो, ती नुसती पडूनच असते.” तार ओढता ओढता ते खालच्या आवाजात म्हणाले, “सुनेला सांगू नकोस म्हणाले.”

कपड्यांचे गठ्ठे ओढायची त्यांची हातगाडी होती. तिच्यावर बॅटरी चढवून आम्ही दोघांनी ती ढकलत आणली. मास्तरांना धाप लागली होती, मला रागाने काही लागत नव्हतं.

तारा मी जोडल्या. मशीन घरघरायला लागलं तेव्हा सिलिंडरचा काटा लाल पट्टीच्या अलीकडे होता. ॲम्ब्युलन्सला येऊ नका म्हणून कळवलं. काकू आणि मास्तर गेल्यावर नवरा घामाघूम होऊन पोचला. मी त्याच्याकडे बघताच त्याने वडिलांकडे बघितलं.

“बाबा म्हणाले म्हणून दिली,” तो म्हणाला. “मी नाही म्हणत होतो.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू दिली नसतीस.”

त्याला मी स्वयंपाकघरात पिटाळलं. मग बाबांसमोर खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

“तुमचा जीव ज्या बॅटरीवर चालतो ती तुम्ही शिंप्याला देऊन टाकलीत? मी इथे दोन वर्षं कशासाठी मरमर मरतेय?”

ते श्वास जुळवत बोलले. “मास्तरचा फोन आला होता. मला. दुकानावर नाही, मला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला विचारलं, की काय करू.” पुन्हा श्वास घेतला. “तुझ्या त्या रविवारी सगळ्यांना काम असतं. मला काय सांगतेस? बाबा, तुम्ही पडून राहा. चाळीस वर्षं बॅटऱ्या उघडल्या मी. आणि भिंतीवरच्या यादीत मी कुठंय माहितीय? टॉर्च, पाणी, कागदपत्रं, बाबा.”

मी भिंतीकडे पाहिलं. यादी माझ्याच अक्षरातली होती, आणि तो क्रमही माझाच होता. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग आला. म्हणजे यांना कुणीतरी विचारावं म्हणून यांनी स्वतःचा श्वास उसना दिला, आणि वर चूक माझीच.

“तुम्हाला विचारायला हवं होतं मी,” मी म्हणाले. “ते चुकलंच माझं. पण ओठ निळे पडलेले मी बघितलेत तुमचे, तुम्ही नाही बघितलेत. पुढच्या वेळी बॅटरी द्यायची असली तर माझ्या तोंडावर सांगा. मी नाहीच म्हणेन. मग भांडा माझ्याशी, हवं तेवढं भांडा. पण भांडायला शिल्लक राहा.”

एवढं बोलून मी पदराने तोंड पुसलं. बाबा उशीवर मागे टेकले आणि नाकातली नळी त्यांनी नीट बसवली.

“आधी सिलिंडर उघडायचा,” मग ते म्हणाले.

“काय?”

“शिट्टी झाली की आधी सिलिंडर. मग झाकण, मग फोन. तू नवऱ्याला शिव्या देत बसलीस. तीन मिनिटं गेली. मी मोजत होतो.”

“तुम्ही बॅटरी दिलीच नसती तर शिव्या द्यायची वेळच आली नसती.”

“आणि तारा जोडताना लाल आधी. तू काळी आधी लावलीस.”

“त्याने काय बिघडलं? चालू झालं ना मशीन?”

“नशिबाने झालं.”

मी उठून उभी राहिले आणि कंबरेवर हात ठेवले. स्वयंपाकघरातून नवऱ्याने डोकं बाहेर काढलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि निमूटपणे आत घेतलं. बाबा कोपरावर रेलून अर्धे उठले होते, गालांवर लाली आली होती, आणि पुढचं वाक्य बोलायला ते मोठा श्वास घेत होते.