अवकाशात गेलेलं जाळं

मानवाच्या अंतराळप्रवासात डोंबिवलीच्या खाडीचं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाणार होतं. तूर्तास एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या फळ्यावर खडूनं एवढंच लिहिलेलं होतं: ‘जाळी, एक नग. आजोबा देतील.’

आजोबा म्हणजे धाकू. खाडीत मासळीपेक्षा प्लास्टिकच्या पिशव्या जास्त सापडू लागल्या, तरी जाळी विणायचा तो काही थांबला नव्हता. त्याची नात रुचिता त्या कारखान्यात इंजिनिअर. माणसं नेणाऱ्या यानाच्या भिंतीवर, प्रवाशांचं किडुकमिडुक ठेवायला, जाळीचा खिसा हवा होता. त्यासाठीच्या न जळणाऱ्या, गुळगुळीत दोऱ्यावर यंत्रानं मारलेली गाठ सरकायची, धाकूची नाही. धाकूनं महिन्याभरात जाळी विणली, आणि ती वर जाणार ही बातमी दोन दिवसांत गावभर केली.

यान पाठवणाऱ्या संस्थेकडून तपासणीला नीरजा मॅडम आल्या. त्यांनी जाळीचे एकशे चव्वेचाळीस डोळे, म्हणजे गाठींमधली भोकं, एकेक करून मोजले. एक बोटभर मोठा निघाला.

“आजोबा, हा चुकलाय.”

“चुकला नाय. माझा बापूस पण एक डोळा मोठा ठेवायचा. बारक्या मासळीला वाट.”

“यानात मासळी नसते.”

“आज नाय. उद्याचं कोणी सांगावं?”

“अहो, यातून पेन निसटेल. वर ते खाली पडत नाही, तरंगत तरंगत कुठल्या तरी यंत्रात शिरतं.”

“मंग पेन बांधून ठेवा. बकरी बांधतो तसं.”

रुचितानं कपाळाला हात लावला. “आजोबा, करा ना तो बारीक. नाहीतर जाळी जाणारच नाही!”

धाकू तो मोठा डोळा बोटानं चाचपत राहिला. गावात तोंड दाखवायचं होतं. आणि पुढेमागे वर गेल्यावर बापसालाही.

शेवटी मॅडमच फाइल चाळत म्हणाल्या, “पहिल्या फेरीत माणसं नाहीत. रोबोट जातोय. त्याच्याकडे पेन नसतं. तेवढ्यापुरती चालवून घेऊ.”

“गुणाचा दिसतो,” धाकू म्हणाला.

यान गेलं, पृथ्वीभोवती फिरलं, ठरल्या दिवशी समुद्रात उतरलं. धाकूच्या टीव्हीसमोर अर्धा गाव बसला होता. “एवढ्या लांब जाऊन शेवटी पाण्यातच आलं गो जाळं,” म्हणत त्याची बायको सगुणा सगळ्यांना चहा देत होती. धाकू आठवडाभर छाती काढून हिंडला.

मग रुचितानं तपासणीचा अहवाल वाचून दाखवला. गाठी शाबूत. दोरा शाबूत. मोठ्या डोळ्यातून काहीही निसटलं नाही. जाळीत काहीही ठेवलेलंच नव्हतं.