काचेवर चिकटवलेला बायोडाटा

मी एक बायोडाटा बोलतोय. लग्नाचा. नाव प्रणाली, उंची पाच फूट दोन इंच, रंग गव्हाळ, नर्सिंगचं दुसरं वर्ष, गाव हिवरखेड. वडील शेषराव फुलशेती करतात. त्यांच्याकडे साधा फोन, व्हॉट्सॲप नाही, म्हणून संपर्काला तिचाच नंबर.

अकोटच्या बसस्टँडजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात मी जन्मलो. तिनं फोटो आणि माहिती दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवली. तिथं सगळेच पाठवतात. तिनं पाच प्रती मागितल्या, दुकानदार किशोरनं सहा काढल्या. सहावा मी. मला लॅमिनेशन करून त्यानं काउंटरच्या काचेवर चिकटवलं आणि वर लिहिलं, 'बायोडाटा नमुना'. तिला विचारलं? छे! विचारायचं नाव नाही काढलं.

तिथं तीन महिने जे पाहिलं, ते आठवलं तरी शिसारी येते. तंबाखूचा खर्रा चघळणारी तोंडं माझ्यावर वाकायची. थुंकी लावून कागद मोजायचं किशोरचं ते बोट तिच्या गालावर टेकायचं, आणि पसंत असेल तर सांगा, म्हणून तो हसायचा. गिऱ्हाइकं खिशातून मोबाइल काढायची आणि नंबरासकट माझा फोटो घेऊन जायची. थू असल्या जिनगानीवर!

तिकडे घरी काय झालं, ते मला फार नंतर कळलं. प्रणालीला नको नको ते फोन यायला लागले. उंची खरंच तेवढी आहे का, घरी एकटी कधी असतेस. शेषरावांनी एक फोन ऐकला आणि तिच्यावरच भडकले. तूच कोणाला तरी नंबर दिला असशील, म्हणाले. कॉलेज बंद केलं. परीक्षा महिन्यावर आलेली, आणि पोरगी घरात झेंडूचे हार ओवत बसली.

एक दिवस तिची आई, पार्बताबाई, रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला दुकानात आली. बाईला वाचता येत नाही. पण लेकीचा चेहरा वाचायला शाळा लागत नाही.

"माही पोरगी इथं काहून लावली?"

"नमुना हाय, काकू. फोटो चांगला आला म्हणून लावला," किशोर म्हणाला.

बाईनं नखांनी खरवडून मला काढलं, फुलांच्या टोपलीत घातलं आणि घरी नेऊन शेषरावांपुढं आपटलं. दुकानाच्या काचेवर लावला होता, हे तिनं सांगितलं, तसा त्यांनी माझ्यावरचा नंबर वाचला. मग हळूच म्हणाले, माझं चुकलं.

प्रणाली रडली नाही. म्हणाली, "बाबा, त्यानं मले न इचारता काचीवर लावलं. तुमी मले न इचारता घरात बसवलं."

शेषराव मान खाली घालून मला चुलीत टाकायला उठले. तिनं मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. किशोरच्या कॉम्प्युटरात अजून तिचा फोटो आहे, तो पुसून घ्यायचा तर पुरावा हवा. उद्या बापलेक मला घेऊन पोलीस ठाण्यात जाणार, आणि तिथून ती कॉलेजला.

उद्या पुन्हा परकी माणसं मला हातात घेतील. अंगावर काटा येतो. पण या वेळी ती स्वतः मला दाखवणार आहे. पोलीस साहेब, एवढं करा. मला जरा पालथा ठेवा, आणि आधी तिचं ऐकून घ्या.