जिन्यावरची पावलं

सिनेमातल्या माणसांना स्वतःची पावलं नसतात, हे बघणाऱ्यांच्या गावीही नसतं. ती पावलं ताईंची असतात. चित्रीकरणात पायांचा आवाज नीट येत नाही, म्हणून नंतर एका बंद खोलीत, पडद्यावरच्या माणसाकडे बघत, ताई त्याच्या चालीने चालतात आणि माइक ते टिपून घेतो. इन्स्पेक्टर, नर्स, सासू, कुणीही असो, पाय ताईंचेच. स्टुडिओत सगळे त्यांना पावलंताई म्हणत.

गुन्हेगारीच्या सिनेमात तर त्यांचा हातखंडा. तरण्या पोरांसाठी एक जोड राखून ठेवलेला होता, जाड तळव्याचे, मापाला मोठे, नाड्या सुटलेले बूट. दोन-दोन पायऱ्या गाळत वर यायचं, दारापाशी थबकायचं, धापा टाकायच्या. पोरगं दिसायच्या आधीच प्रेक्षक खुर्चीत आक्रसून बसायचा. म्हाताऱ्या खलनायकाला मात्र मऊ चामड्याचे सभ्य बूट; तो खून करायलासुद्धा फिरायला निघाल्यासारखा जायचा. एका सिनेमात ते पोरगं शेवटी निर्दोष निघत होतं. तरी दिग्दर्शक म्हणाला, "ताई, मध्यंतरापर्यंत ते वाईटच वाटलं पाहिजे. तुमचे ते बूट घाला." ताईंनी घातले. घालायला काय जातंय?

घरी त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. वरच्या मजल्यावर एक कॉलेजातला पोरगा राहायचा. रंगवलेले केस, अंगात टोपीचं जाकीट आणि पायांत तसलेच बूट. बाबांचं त्याच्याशी मेतकूट जमलं होतं. संध्याकाळी खालच्या बाकावर दोघांचा बुद्धिबळाचा डाव रंगायचा.

"बाबा, त्या पोराला फार जवळ करू नका," ताई म्हणायच्या. "त्याची चाल मला बरी वाटत नाही."

"कुठली? घोड्याची?" बाबा हसायचे. "अगं, त्याच्या पायांना घाई आहे. मनात काही नाही गं त्याच्या."

ताई मान उडवायच्या. पावलांतलं बाबांना काय कळतंय, असं त्यांना मनापासून वाटायचं.

त्या दिवशी त्या स्टुडिओतून लवकर आल्या होत्या. सकाळपासून एकच प्रसंग घोटून घेतला होता: घरात एकटी बाई, जिन्यावर धावती पावलं आणि 'तुमच्या माणसाला अपघात झालाय' असं सांगून दार उघडायला लावणारं पोरगं. बाबा खाली बाकावर गेले होते. ताईंनी चहाचं आधण ठेवलं, आणि जिना दणाणला.

दोन-दोन पायऱ्या गाळत. जाड तळवे. दारापाशी थबकणं. धापा.

ताईंचा हात आपोआप दाराच्या साखळीकडे गेला. दारावर थापा पडू लागल्या.

"काकू! दार उघडा! आजोबांच्या छातीत कळ आलीय, त्यांची गोळी द्या!"

आवाज त्यांनी ओळखला. वरचाच पोरगा. पण त्यांनी कानांवर विश्वास ठेवला, आणि कान सांगत होते की हा पोरगा वाईट आहे.

"आधी तू खाली जा," त्या आतून म्हणाल्या. "मग मी बघते."

"काकू, पाया पडतो! नुसती डबी द्या, फटीतून द्या!"

"खाली जा म्हणते ना! पोलिसांना बोलावीन!"

मग पावलं धडधडत खाली गेली. ताईंना हुश्श झालं. त्या वळल्या, आणि टेबलावर चष्म्याशेजारी त्यांना ती डबी दिसली. बाबा ती एरवी कधी विसरत नसत.

त्या अनवाणी धावल्या. बाकावर पोराच्या मांडीवर बाबांचं डोकं होतं, अंगावर त्याचं जाकीट. ताईंनी गोळी जिभेखाली सारली. बाबांनी तोंड मिटलं नाही. पट पुढ्यात मांडलेला होता आणि खेळी बाबांची होती.

नंतर अंत्यविधीला भाऊ आला, चुलते आले, तो प्रश्न निघणारच होता. "गोळी द्यायला उशीर कसा झाला?" ताई हातातली डबी उघडत-मिटत राहिल्या. कोपऱ्यात उभा असलेला पोरगाच बोलला, "मीच घाबरलो. वर यायला मलाच उशीर झाला. काकूंनी तर लगेच दार उघडलं."

भावाने त्याला नखशिखान्त न्याहाळलं, केस, जाकीट, बूट. "तरीच," तो म्हणाला. तेव्हा तरी ताईंनी बोलायला हवं होतं. त्या बोलल्या नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना स्वतःची इतकी किळस आली की रडूसुद्धा फुटेना.

आता रोज संध्याकाळी त्या दार सताड उघडं ठेवून आतल्या खोलीत बसतात. तो आला की त्याला आत बोलवायचं, त्याचे पाय धरायचे, सगळं सांगायचं, असं ठरवून कान टवकारून बसतात. वरच्या घराचं कुलूप उघडल्याचा आवाज येतो, तेव्हा कुठे कळतं, तो येऊनही गेला. उठून बघावं तर जिना रिकामा. एकदा त्यांना तो पाठमोरा दिसला. काकू घाबरू नयेत म्हणून पोरगं बूट हातात घेऊन, नुसत्या मोज्यांवर, चवड्यांवर जिना चढत होतं.