रद्दीच्या रविवारांची हातगाडी

मित्रांनो, रुग्णालयाच्या मागच्या आवारात पाण्याच्या टाकीला टेकून एक हातगाडी उभी असते. तिच्या डाव्या चाकाची लोखंडी धाव गंजली आहे आणि एक फळी निखळली आहे. ती जुनी हातगाडी म्हणजे मी. तुमच्यातले काहीजण शाळा सुटल्यावर माझ्यावर बसून गप्पा मारतात. खुशाल बसा. पण आज जरा माझेही ऐका.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. त्याने फळ्या जोडल्या आणि शेजारच्या लोहाराने लोखंडी आस व चाके बसवली. दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नसे. गाडी टिकली तर माझ्यामुळे, असे दोघेही म्हणत. त्या ईर्ष्येपायी दोघांनी जीव ओतून काम केले आणि फायदा माझा झाला.

पहिली काही वर्षे मी एका फर्निचरच्या दुकानात होते. नवी कपाटे, नवे पलंग घेऊन ऐटीत घरोघरी जायचे. मग मालकांनी टेम्पो घेतला आणि मी दारातली अडगळ झाले. एके दिवशी मालकांनी दुकानात आलेल्या मोठ्या सिस्टरांना विचारले, "ही गाडी नेता का? फुकट देतो, फक्त न्या." तेव्हा मला वाईट वाटले होते. आता वाटते, बरे झाले.

मोठ्या सिस्टर म्हणजे रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांनी एक सेवा मंडळ सुरू केले होते. आसपासच्या दहा-बारा गावांत कुणाला खाट, चाकांची खुर्ची किंवा कुबड्या लागल्या, की मंडळ त्या वापरायला देई. पण हे सारे विकत घ्यावे लागे, आणि वर्गणी मागताना मंडळींच्या नाकी नऊ येत.

"पैसे मागितले की दार अर्धंच उघडतं," सिस्टर म्हणाल्या. "आपण रद्दी मागू या. ती द्यायला कुणाच्या जिवावर येत नाही."

"आणि गाडी कोण ढकलणार?" कुणीतरी विचारले.

"मी," निवृत्त पोस्टमनकाका म्हणाले. "तीस वर्षं लोकांच्या दारात काही ना काही देत आलो. आता थोडं मागून बघतो."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमची फेरी निघू लागली. काकांना प्रत्येक घर ठाऊक होते. कोणती कडी वाजवायची, कुणाला मोठ्याने हाक मारायची आणि कुणाचा कुत्रा नुसताच भुंकतो, सगळे त्यांना तोंडपाठ. वर्तमानपत्रे, जुन्या वह्या, पुठ्ठे यांनी मी गच्च भरायचे. बाजाराच्या टोकाला रद्दीवाल्याचा काटा होता, तिथपर्यंत कुरकुरत जायचे. काका म्हणत, "काय गं, वंगण हवं का?" मला फार बरे वाटे.

फक्त एक दार आम्हाला कधी उघडले नाही. ते निवृत्त मुख्याध्यापकांचे. त्यांना सगळे तारीखसर म्हणत, कारण नोकरीला लागल्यापासूनचे प्रत्येक वर्तमानपत्र त्यांनी तारखेनुसार जपून ठेवले होते. काकांनी एकदा विचारले, तर सर कडाडले, "रद्दी? अहो, ही माझी मिळकत आहे!"

पुढे सरांच्या पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावे लागे आणि ती सोय होती अडीच तासांवरच्या मोठ्या शहरात. पहाटेच्या बसने जायचे आणि रक्त शुद्ध करून, गळून गेलेल्या अंगाने संध्याकाळी परतायचे. आसपासचे आणखी सातजण असेच जात. एकदा परतीच्या बसमध्ये काकू बसल्या जागी कोसळल्या. अनोळखी गावाच्या थांब्यावर, एका बाकावर त्यांना झोपवून सर तासभर वारा घालत राहिले.

मंडळाने ठरवले की डायलिसिसचे यंत्र आपल्याच गावात आणायचे. रुग्णालय खोली आणि माणूस द्यायला तयार झाले. पण यंत्र म्हणजे काही कुबड्यांची जोडी नव्हे. दोन महिने उलटले तरी निधी जागचा हलेना.

एका रविवारी आम्ही सरांच्या घरावरून जात होतो. दार उघडे होते.

"पोस्टमन, आज आत या," सर म्हणाले. "गाडी अगदी पायरीला लावा."

आतली खोली जमिनीपासून छतापर्यंत गठ्ठ्यांनी भरली होती. प्रत्येकावर सुबक अक्षरात वर्ष आणि महिना लिहिलेला. काका दारातच थबकले.

"सर, नीट विचार केलात ना? उद्या हळहळ वाटेल."

"चाळीस वर्षं या कागदांना मी ओल लागू दिली नाही," सर म्हणाले. "आणि माणूस मात्र बसथांब्यावर निजवावं लागलं. घ्या उचलायला."

आतून काकूंचा थकलेला आवाज आला, "अहो, आपल्या लग्नाच्या दिवसाचा एक तरी अंक ठेवा!"

"तो दिवस मला पाठ आहे," सर म्हणाले आणि पाठ फिरवून पहिला गठ्ठा त्यांनी स्वतः उचलला.

तेवढे ओझे मी जन्मात वाहिले नव्हते. दुसऱ्या खेपेला, बाजाराच्या उतारावर, माझा आस कडकन मोडला. गठ्ठे रस्ताभर घरंगळले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सर खाली बसून, धुळीतून एकेक अंक झटकत गोळा करू लागले.

आधी न्हावी धावला. त्याच्यामागे गालाला फेस लावलेले त्याचे गिऱ्हाईक. मग शिवणकाम टाकून शिंपीणबाई आल्या. बघता बघता उतारापासून काट्यापर्यंत माणसांची रांग लागली आणि गठ्ठे हातोहात पुढे जाऊ लागले. काय चालले आहे ते ज्याला त्याला कळत गेले. काहीजण घरी जाऊन आपली रद्दी घेऊन आले, काहीजण नुसतेच खिशात हात घालून सिस्टरांना शोधत आले. रद्दीवाला म्हणाला, "आजचा भाव तुम्हीच सांगा. मी बोलणार नाही."

नुसत्या रद्दीवर यंत्र आले नसते. पण त्या दिवसानंतर कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही. माझ्या जुन्या मालकांनी यंत्रासाठी लागणारे पाणी शुद्ध करण्याच्या संचाची जबाबदारी घेतली. लोहाराच्या मुलाने मला नवा आस बसवला आणि मजुरी घेतली नाही. आठ महिन्यांनी यंत्र सुरू झाले. काकूंना पहिला मान देऊ केला, तर त्या म्हणाल्या, "आमच्याबरोबर बसने येणाऱ्या त्या रिक्षावाल्याला आधी घ्या. त्याची मुलं लहान आहेत." त्यांचा नंबर तिसरा लागला.

काकू त्यानंतर चार वर्षे जगल्या. सकाळी चालत येत आणि दुपारी आपल्या घरी जेवत. त्या गेल्या, त्यानंतरच्या दुसऱ्याच रविवारी सर माझ्यापाशी आले. काकांनी दांडीची एक बाजू त्यांना दिली. पुढची सहा वर्षे त्या दोघांनी मला ढकलले. वाटेत तारखांवरून दोघे इतके भांडत, की मला सुतार-लोहाराचे अंगण आठवे.

पुढे लोक बातम्या फोनवर वाचू लागले आणि रद्दी आटली. आता देणगीही फोनवरूनच येते, घटकेत येते. रुग्णालयात आज चार यंत्रे आहेत. मी नाराज नाही, मित्रांनो. गाड्या जुन्या व्हायच्याच.

एकच गोष्ट मनात सलते. आमच्या शेवटच्या वर्षी, एकट्या राहणाऱ्या, कुलपे दुरुस्त करणाऱ्या आजोबांनी दार उघडले नाही. काकांना चैन पडेना. त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दार काढले. आजोबा दोन दिवस न्हाणीघरात पडून होते. ते वाचले. कुणी रद्दी मागायला आले, म्हणून वाचले. फोनवर पैसे पाठवता येतात, पण बंद दारामागे काय आहे ते फोनला कळत नाही.

माझी फळी जमेल तेव्हा ठोका. घाई नाही. त्याआधी एका रविवारी गल्लीतल्या चार घरांच्या कड्या वाजवून या. काय मागायचे ते सुचले नाही, तर नुसते विचारा, "बरे आहात ना?"